पसंतीला आणलेले स्पीकर

"बरोबर हाये!"

कुणी काहीही बोललं की शेजारच्या काकाजींचं उत्तर हेच. तुमसरला नव्यानं राहायला आलो तेव्हा मला वाटलं, आपलं प्रत्येक मत पटणारा एक तरी माणूस जगात निघाला. हा आनंद आठवडाभर टिकला. एका सकाळी मी सांगितलं, "काकाजी, आमची म्हैस मेली जी." ते प्रसन्न हसून म्हणाले, "बरोबर हाये!"

राइस मिलच्या धडधडीत उभी हयात काढून त्यांचे कान गेले होते. हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक आहे, हे फक्त काकाजींना ठाऊक नव्हतं. तुमच्याही शेजारात असा कुणी असेल, तर त्याच्याशी बोलताना आपला आवाज कसा चढतो ते तुम्ही जाणताच. माझा घरीसुद्धा चढू लागला. आमची ही म्हणायची, "मी बहिरी नाही जी, कायले वरडून राहिले?"

काकी आसगावची लेक. धानाच्या रोवणीला चिखलात उतरली की तिचं गाणं दोन बांध्या ओलांडून ऐकू जायचं म्हणे. तिला लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. आतल्या खोलीत, खाटेवर पडून ती दिवसभर समोरच्या भिंतीकडे पाहायची. तिच्यासाठी काकाजींनी टेपरेकॉर्डर आणला, पण त्याचा आवाज पत्र्याच्या डब्यात माशी अडकावी तसा. काकी तोंड फिरवून घ्यायची.

"हिले आवडून नाही राहिलं," काकाजी मला म्हणाले. "बाहेरून मोठे स्पीकर लावा लागतीन. चाल गा भंडाऱ्याले. चांगले पाहून आणू."

तेव्हा माझे कान तरुण होते, एवढीच माझी लायकी. आमच्या घरच्या आरतीत मला टाळसुद्धा देत नाहीत. नारळ फोडायला बसवतात.

भंडाऱ्याच्या दुकानदारानं जोडीमागून जोडी वाजवून दाखवली. मला सगळ्याच छान वाटल्या. शेवटी काकाजी म्हणाले, "तीन जोड्या बांधून दे. बाई पसंत करन. बाकीच्या आणून देतो."

"काकाजी, हे काय लुगडे हायेत का जी, घरी पसंतीले न्याले?"

हे ओरडून म्हटल्यामुळे काकाजींना नीट ऐकू आलं. "लुगड्याची तं घडी मोडते," ते म्हणाले, "तरी देतात. याची कोणती घडी मोडते गा?"

दुकानदार हरला. एसटीच्या टपावर सहा खोकी चढली आणि रस्त्याला खड्डा आला की काकाजी ड्रायव्हरकडे असे पाहायचे, जणू खड्डा त्यानंच खणला.

पहिली जोडी चंदेरी कडांची, सगळ्यांत देखणी. खाटेच्या पायथ्याशी मांडून कॅसेट लावली. काकाजी स्पीकरकडे बघतच नव्हते. ते काकीच्या तोंडाकडे टक लावून होते. काकीनं डोळे मिटले. "उचल," ते मला म्हणाले. दुसरीही उचलावी लागली. तिसरी म्हणजे निव्वळ चहाची खोकी. पण गाणं सुरू झालं आणि काकीच्या तोंडाचा डावा कोपरा वर गेला. उजवी बाजू तशीच, मेलेली. डावा कोपरा मात्र वर गेला तो तिथंच राहिला.

"हेच!" काकाजी केवढ्यांदा ओरडले.

मग पुन्हा चिंता. "दिसाले बेकार हाये. तिले दिवसभर हेच पाहा लागन." त्यांनी सुताराकडून खोकी तासून, पॉलिश करून घेतली. समोरच्या जाळीवर चढवायला काकीच्या लग्नातल्या लुगड्याचा पदर काढला. फाडण्याआधी तिच्याकडे पाहिलं. डावा कोपरा हलला, मग फाडला.

तेव्हापासून रोज दुपारी गाणी. आवाजाचं बटण काकाजी काकीच्या तोंडाकडे बघत फिरवायचे, त्यामुळे तो कधी फार चढला नाही.

धानाच्या कापणीत काकी गेली. भेटायला येणारे जे काही समजुतीचं बोलले त्या प्रत्येकाला काकाजी "बरोबर हाये" म्हणत राहिले. कुणालाही हसू आलं नाही.

गाणी मात्र थांबली नाहीत. आता आवाज वेडावाकडा चढायचा. अख्ख्या गल्लीची दुपारची झोप गेली. तरी एकानंही तक्रार केली नाही.

आणि एका दुपारी गल्ली गप्प झाली. ही म्हणाली, "काकाजीचा टेप काहून बंद हाये? पाहून या बरं."

टेप बंद नव्हता. कॅसेटची चाकं फिरत होती आणि काकाजी रिकाम्या खाटेजवळ बसले होते. स्पीकरमागची वायर उंदरांनी तोडली होती. तांब्याची उघडी टोकं मला दारातूनच दिसली.

"बस," ते म्हणाले. "मले आयकू येत नाही गा."

इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच.

"ती होती तवा समजे. आता कसं समजन? चांगलं वाजते ना?" आणि ते माझ्या तोंडाकडे टक लावून पाहू लागले.

वायर काय, दुसऱ्या दिवशी ते आंघोळीला गेल्यावर मी जोडलीच. पण त्या घडीला मी मान डोलवू लागलो. न वाजणाऱ्या गाण्याचा ताल कुठून आणायचा? जमेल तसा धरला. मधेच डोळे मिटले, एकदा "वा" म्हटलं. डोळे उघडले तर माझ्या मानेबरोबर काकाजींची मानही डोलत होती. माझ्यासारख्याच्या तालावर!

खट्ट करून बटण वर आलं. काकाजींनी कॅसेट काढली, तिच्यावर फुंकर मारली, उलटी करून परत लावली.

"ही बाजू तिच्या आवडीची," ते म्हणाले. "नीट आयक."