आज किती टक्के

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं म्हणतात. वेगाचंही आणता येत नाही, हे मला माझ्या लॅपटॉपनं शिकवलं.

बी.एड.ला असताना मी तो जुनाच घेतला होता. आता त्याची बॅटरी पार मेलेली, चार्जर काढला की पडदा काळा. झाकणाची बिजागरी तुटलेली, म्हणून मागे डाळीचा डबा टेकवावा लागे. त्यावर मी एक इम्युलेटर टाकला. टीव्हीला जोडून खेळायच्या गेमच्या मशीनचं सोंग लॅपटॉपला घ्यायला लावणारं ते सॉफ्टवेअर. सोंग त्यानं घेतलं, पण पळायची वेळ आली की त्याचा जीव जाई. मोटारींची शर्यत निम्म्या चालीनं चाले, गाणं इतकं ओढत वाजे की ऐकणाऱ्याला झोप यावी. पडद्याच्या वरच्या पट्टीत एक आकडा दिसे: ५२%. खऱ्या वेगाच्या बावन्न टक्के, एवढाच त्याचा अर्थ.

मला स्वतःला गेमचं काडीचं वेड नाही. हे सगळं दादासाठी होतं.

दादा माझा थोरला भाऊ. कामरगाव ते कारंजा काळीपिवळी जीप चालवायचा. गाडी आमची स्वतःची. बाळंतपणाला दवाखान्यात न्यायची बाई असली की लोक दुसऱ्या गाड्या सोडून दादाच्या गाडीची वाट पाहत बसायचे, इतका त्याचा हात हलका. एका संध्याकाळी मोटरसायकलवर घरी येताना तुरीच्या वावरातून रोही आडवा आला. असल्या दांडग्या नीलगायीपुढे मोटरसायकल ती काय. उजव्या खांद्यातून हातात उतरणारी नस ओढली गेली. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, सध्या हात तीसेक टक्के आहे, नस परत येईल किंवा येणारही नाही, बोटं हलती ठेवा. आईनं त्यातलं 'येईल' तेवढं ऐकलं.

दाबायला दिलेला रबरी चेंडू दादानं डाव्या हातानं गोठ्यावर फेकून दिला. मग दिवसभर खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. जेव म्हटलं की जेवायचा, ऊठ म्हटलं की उठायचा. मला त्याची दया यायला हवी होती, पण खरं सांगायचं तर राग यायचा.

वाशीमला कॉलेजात असताना एस.टी. स्टँडमागच्या गेम पार्लरमध्ये याच शर्यतीत त्याला कुणी हरवू शकत नसे. मुली तिथे जात नसत, त्यामुळे मी ते कधी पाहिलं नाही, पण त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की त्या गेममधली वळणं मलाही पाठ होती. म्हणून हा उपद्व्याप.

पहिल्या दिवशी पडद्याकडे पाहून तो म्हणाला, "हे तं बैलगाडीच्या चालीनं चालून राह्यलं."

पण हातात दिलेला गेमचा रिमोट त्यानं खाली ठेवला नाही. त्या रिमोटवर डाव्या अंगठ्यानं गाडी वळते, उजव्यानं पळते आणि वळण आलं की तोच उजवा अंगठा उचलून ब्रेकवर न्यावा लागतो. दादाचा अंगठा तिथे पोचायला वेळ घ्यायचा. लॅपटॉप तेवढा वेळ द्यायचा. दोन मंदगतींचं चांगलं जुळलं. महिन्याभरात तो शर्यती जिंकायला लागला. स्वतःहून दाढी केली. आणि आई शेजारी लसूण सोलत बसायला लागली.

एकदा शेजारची काकू आली तेव्हा आई तिला सांगत होती, "काल अठ्ठावन होते, आज बासष्टवर गेले. डॉक्टरनं तीस सांगतले होते."

मला वाटलं, काहीतरी बाजारभावाचं चाललंय. मग तिनं पडद्याच्या वरच्या पट्टीकडे बोट दाखवलं. पडद्यावर गाड्या कमी असल्या की लॅपटॉपला जरा दम मिळे आणि आकडा चढे. आई तो दादाचा हात समजून वाचत होती.

मी म्हटलं, "आई, तो लॅपटॉपचा आकडा हाये."

"तुले काय समजते. डॉक्टरनं बी टक्क्यातच सांगतलं."

दादा हसला. अपघातानंतर पहिल्यांदा. "राहू दे ना," तो मला म्हणाला. मी राहू दिलं. पण नंतर माझ्या लक्षात आलं की शर्यत संपली की तोही एकदा हळूच वर बघून घेतो.

काका तेव्हा जीपसाठी गिऱ्हाईक घेऊन येत होते. गाडी गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी होती, टायर बसायला लागले होते. उभी सडवण्यापेक्षा गाडी विकून टाका, हे काकांचं म्हणणं चूक नव्हतं. आईनं त्यांना दोनदा चहा पाजून परत पाठवलं. "पुरे शंभर झाले का चाबी त्याच्या हाती देतो," म्हणाली. चावी तिनं देवाजवळ ठेवली होती.

सोयाबीन निघालं तेव्हा अंगणात मळणीची मशीन लागली आणि लॅपटॉप तापून आपोआप बंद पडायला लागला. मी तो कारंज्याला दुरुस्तीला नेला. दुकानदारानं मागचं झाकण उघडलं, तर पंख्यात नुसतं कुटार. वर्षानुवर्षांच्या धुळीवर सोयाबीनचा सगळा भुसा त्या एवढ्याशा पंख्यानं गिळला होता. "मॅडम, श्वासच घेता येत नव्हता याले, पळणार कसा?" म्हणत त्यानं तो साफ केला. मी आनंदानं घरी आले.

सकाळी दादानं गेम लावला. इंजिनाचा आवाज पहिल्यांदाच खरा आला, गाणं खरं वाजलं. पट्टीत आकडा होता १००%. पहिल्याच वळणावर गाडी भिंतीवर गेली. दुसऱ्यांदा गेली. अंगठा गॅसवरून उचलून ब्रेकवर नेईपर्यंत वळण संपलेलं असे. पाचव्या-सहाव्या वेळी दादाच्या कपाळावर घाम होता. लॅपटॉप नेऊन विहिरीत टाकावा असं मला वाटलं.

"दादा, सेटिंगमध्ये वेग कमी करता येते. पन्नासवर ठेवतो मी."

"नोको," तो म्हणाला. "रोडवर कोण ठेवणार हाये पन्नासवर?"

आईनं आकडा पाहिला होता. लसूण सोलायचं सूप बाजूला सारून ती आत गेली, ती चावी घेऊन आली. चावीला हळदकुंकू लावलेलं. तिनं ती दादापुढे धरली. दादानं उजवा हात उचलायचा प्रयत्न केला, मग डाव्या हातानं तो उचलून मांडीवर नीट ठेवला.

"आई, ते लॅपटॉपचे हायेत. माहे नाहीत."

आई पडद्याकडे बघत राहिली. मग त्याच्या मांडीवरच्या हाताकडे.

"मंग तुहे किती?"

दादानं रिमोट खाली ठेवला. माझ्याकडे बघून म्हणाला, "काकाले फोन लाव. गिऱ्हाईक घेऊन या म्हणा."

मी फोन शोधायला उठले. आई तिथेच खाली बसली आणि चावीवरचं हळदकुंकू पदरानं पुसायला लागली.