वरच्या मजल्यावरचं दूरशिक्षण

जगातल्या सगळ्या गणिताच्या मास्तरांचा तऱ्हेवाईकपणा एकाच माणसात कोंबावा आणि उरलेली जागा अहंकाराने भरावी, की आमचे दाजी तयार होतात. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मुळशीत, चांद्याजवळ त्यांचं दुमजली घर आहे. गावात सगळ्यांनी वरच्या खोल्या हिंजवडीच्या कंपन्यांतल्या पोरांना भाड्याने दिल्या, तर दाजींनी वरच्या खोलीत फळा ठोकला आणि मोबाइलसमोर उभे राहून ते दूरशिक्षणाने कॅल्क्युलस शिकवू लागले. शिकणारे सगळे उद्याचे गणिताचे शिक्षक होते. मला त्यांच्या हाताखाली जाणाऱ्या पोरांची आत्तापासूनच कीव यायची.

मी नोकरीमुळे त्यांच्याकडेच राहतो, त्यामुळे ही करमणूक मला जेवणाबरोबर फुकट मिळाली. लिहिताना दाजी बरोबर फळा आणि मोबाइल यांच्या मधे उभे राहत, म्हणजे विद्यार्थ्यांना तासभर दाजींची पाठ दिसे. कोणी तक्रार केलीच, तर उत्तर ठरलेलं होतं, "गणित दिसायचं नसतं, कळायचं असतं." एकदा नेटवर्क गेल्यावर मी वर जाऊन सांगितलं, की दाजी, कोणालाच ऐकू जात नाहीये. ते मागे न वळता म्हणाले, "लिमिट काय नेटवर्कवर चालतं व्हय?" आणि भिंतीला शिकवत राहिले. लिमिट समजावायला त्यांनी संध्याकाळच्या कोंडीत हिंजवडीच्या चौकाकडे निघालेली गाडी घेतली होती. ती सारखी जवळ जाते, पण पोचते असं कोणी म्हणू नये. त्यांच्या अख्ख्या कारकिर्दीत सगळ्यांना एका फटक्यात कळलेलं उदाहरण बहुधा हे एकच.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं, पण त्या विद्यार्थ्यांत माझी ताईही होती. गणिताची बाई व्हायचं तिच्या मनात लग्नाआधीपासून होतं. आधी एकदा ती नेमकी कॅल्क्युलसमध्ये नापास झाली होती. आता घाटाकडच्या एका शाळेने तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती, पण या खेपेला पेपर सुटला नसता तर ती जागा दुसऱ्या कोणाला गेली असती. आणि घरात मास्तर असून दाजी घरात गणिताचं अवाक्षर काढत नसत.

"अवो, हितं उणे कसं आलं?" भाकरी थापता थापता ताई विचारायची.

"क्लासच्या ग्रुपवर इचार."

"मी हितंच हाय की."

"भोरच्या डोंगरातनं शिकणाऱ्या पोरीला घरात मास्तर न्हाई. मंग तुलाच का?"

ताई पिठाच्या हाताने शंका ग्रुपवर टाकायची. तिच्यासमोर पाटावर बसलेले दाजी चष्मा लावून ती वाचायचे, "आधी स्वतः प्रयत्न केलात का?" असं उत्तर पाठवायचे आणि चटणी मागायचे. तापलेला तवा त्यांच्या डोक्यात घालावा, असं मला कितीदा तरी वाटलं.

दुसऱ्या दिवशीच्या तासाला मात्र ते कोणाचं नाव न घेता नेमकी तीच पायरी पुन्हा पुन्हा, सावकाश सांगत. तेवढ्यापुरते फळ्यासमोरून बाजूलाही होत. खाली गॅस बारीक करून मोबाइलकडे बघत ताई "हां" म्हणेपर्यंत वरचा खडू पुढे सरकत नसे. तो "हां" त्यांना वर कसा ऐकू जाई, देव जाणे.

ताई पास झाली. शाळा लांब असल्याने आठवडाभर ती तिकडेच राहते, आणि मी दाजींच्या हातचं खातो. परवा त्यांनी गॅसशेजारी मोबाइल उभा करून तिला विचारलं, "पिठल्यात गुठळ्या व्हत्यात. काय करू?"

तिकडून ताई म्हणाली, "आधी स्वतः प्रयत्न केलात का?"

आता भडका उडणार म्हणून मी ताट बाजूला सरकवलं.

"केला," दाजी म्हणाले, "न्हाई जमला."

या माणसाच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. मग ताईने पुन्हा पुन्हा, सावकाश सांगितलं. बऱ्याच वेळाने दाजी "हां" म्हणाले. पिठलं खाली उतरवून झालं, तरी दोघांपैकी कोणीच फोन ठेवला नाही.