अक्कांचा ग्राइंडर

"हिला काय झालंय? साधा ओरखडा नाही अंगावर," लातूरच्या स्टँडवर कुणी बाई म्हणाली. मी बंगळूरच्या बसमध्ये चढत होते. आईनेही ते ऐकलं. खिडकीशी येऊन ती एवढंच बोलली, "तिकडं कुणाला काही सांगू नकोस. उद्या स्थळं बघायचीत."

भूकंपाला वर्ष होत आलं होतं. त्यात दादा गेला. तेव्हापासून घरात त्याचं नाव कुणी घेत नव्हतं.

बोम्मसंद्र्यातल्या कंपनीत नोकरी लागली, आणि अक्कांच्या घरी वरची खोली मिळाली. अक्का तीन पिढ्यांच्या बंगळूरकर, बोलणं निम्मं कन्नड. संध्याकाळी त्या इडलीचं पीठ वाटायला दगडी ग्राइंडर लावत. तो घरघरू लागला की माझी फरशी थरथरे, आणि मी अनवाणी रस्त्यावर उभी असे. जिना कधी उतरले ते आठवत नसे.

"एन ग, काय हे? ग्राइंडरात भूत बघितलंस?" अक्का आधी हसायच्या. मग एकदा म्हणाल्या, "शेजारी विचारतात, पोरीला काय करता म्हणून. असंच चालणार असेल तर दुसरी खोली बघ, सरी?"

तेव्हा कुठे मी डॉक्टरांकडे गेले. त्या बाईंना सगळं इंग्रजीत सांगितलं, बातमी वाचावी तसं. शाळेतल्या त्या भाषेत मला रडू येत नाही. त्या म्हणाल्या, हे वेड नाही. धोका टळलाय हे शरीराला अजून पटलेलं नाही. रोज ग्राइंडरच्या थोडं जवळ जायचं, पळायचं नाही. "आणि हे घरच्या भाषेत सांगून बघ. मला मराठी येत नाही. ऐकणारं कुणी आहे?"

आधी मी स्वयंपाकघराच्या दारात थांबू लागले. मग ओट्यापाशी. पुष्कळ दिवसांनी चालू ग्राइंडरवर हात ठेवला. पाय पळायला बघत होते. अक्का भिजलेली उडीद डाळ ओतत होत्या.

गावी आता नवं घर आहे. भिंती पक्क्या, पण दादाचा फोटो अजून ट्रंकेतच. घर म्हटलं की मला त्या घराबरोबर हे परकं स्वयंपाकघरही आठवतं, ओल्या पिठाच्या वासाचं.

"एवढं का ग भितेस?" अक्कांनी विचारलं.

मी हात काढला नाही.

"अक्का, माझा भाऊ भिंतीखाली गेला. मी अंगणात झोपले होते, तो आत. सुधीर नाव होतं त्याचं."