मामेभावाचा कॉम्प्युटर

आमच्या घराखाली टॉवेलचा कारखाना आहे. कारखाना आमचा नाही, आम्ही वरच्या मजल्यावरचे भाडेकरू. सोलापूरच्या भवानी पेठेत अशी जागा मिळाली की मागांचा खडखडाट फुकट मिळतो, आणि खडखडाटाबरोबर रुई. सुताची ती बारीक रुई जिन्यातून वर येते, कपाटावर बसते, आईच्या फोडणीत पडते, आणि सगळ्यात जास्त जाते ती माझ्या कॉम्प्युटरच्या पोटात. तिथल्या पंख्यात पंधरा दिवसांत तिचा चक्क थर जमतो. मग हवा अडते, आतलं सगळं तापतं, आणि तापलं की प्रोसेसर स्वतःला जपायला वेग कमी करतो. हे तो नेमका तेव्हाच करतो, जेव्हा समोरचा माणूस बंदूक घेऊन भिंतीआडून डोकं काढतो.

मी चार वर्षं एक ऑनलाइन शूटिंगचा गेम खेळत होतो. पाच जण इकडून, पाच जण तिकडून. दिवसा कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो आणि संध्याकाळी घरी येऊन लोकांना गोळ्या घालायचो. माझा कॉम्प्युटर म्हणजे कुठल्या तरी ऑफिसनं काढून टाकलेला जुना डबा. त्यात मी मित्राकडून घेतलेलं ग्राफिक कार्ड बसवलं होतं. पहिल्या दिवशी गेम लावला तेव्हा माणसं पळत नव्हती, उचक्या लागल्यासारखी पुढे सरकत होती.

त्या डब्याला मी माणसात आणलं. याचा मला अभिमान होता आणि तो मी लपवतही नव्हतो. दर पंधरा दिवसांनी झाकण काढून रंगाच्या ब्रशनं रुई झाडायची. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावायची. कॉम्प्युटर चालू झाला की आपोआप चालू होणारी फुकटी मंडळी एकेक करून बंद करायची. गेममधल्या सावल्या बंद, गवत बंद, पाण्यातलं प्रतिबिंब बंद. वायफाय सोडून मी जिन्यातून सरळ केबल ओढली, त्यावरून घरमालक बोलला तेही ऐकून घेतलं. एवढं करून सेकंदाला चाळिसाच्या आत अडखळणारी चित्रं साठपर्यंत गेली. दुपारी खाली सगळे माग एकदम चालू असले की पुन्हा रडगाणं, पण एरवी साठ.

अर्थात या डब्याचा मला दुसराही एक उपयोग होता. मी जिंकलो की माझ्यामुळे, हरलो की त्याच्यामुळे. चांगली मशीन असती तर दाखवलं असतं, हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं होतं की माझे खेळातले मित्र माझ्याआधीच ते म्हणून दाखवायचे.

मग माझा मामेभाऊ दुधनीहून सोलापूरला कॉलेजला आला.

मामांचं तिकडे आडतीचं दुकान. त्यांनी विजापूर रोडला फ्लॅट घेतला, मामीला आणि मुलाला तिथं ठेवलं, आणि अभ्यासाला लागेल म्हणून त्याला नवा कोरा कॉम्प्युटर घेऊन दिला. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. लहानपणी सुट्टीत मी दुधनीला गेलो की माझ्या मागे मागे फिरायचा. मी दाखवला म्हणूनच हा गेम त्यानं मोबाइलवर बघितला होता. आणि आता त्याच्या टेबलावर काच लावलेला डबा होता, आत दिवे, आणि असा पडदा, जो मी फक्त व्हिडिओत पाहिलेला. माझ्या पोटात दुखलं. अगदी स्पष्ट सांगतो, नुसतं वाईट वाटलं वगैरे नाही, दुखलं.

"अण्णा, तू जरा बघ की," तो म्हणाला. "मला काय बी कळत न्हाय ह्यातलं. तू हात लावल्याबगर मी गेमच टाकला न्हाय."

मामी आतून म्हणाल्या, "बा बा. ऊट आतेनु?" जेवण झालंय का, असं त्या कानडीत विचारतात आणि उत्तराची वाट न बघता ताट वाढतात. मी जेवलो आणि बसलो.

त्या दुपारी मी त्याच्या कॉम्प्युटरचं काम मनापासून केलं. नको ती सगळी सॉफ्टवेअर काढली, ग्राफिक कार्डाचा नवा ड्रायव्हर टाकला, रॅमच्या दोन पट्ट्या चुकीच्या खोबणीत बसवल्या होत्या त्या नीट बसवल्या, माऊसचा वेग लावून दिला. जे मला माझ्या डब्यावर चार वर्षांत जमलं नव्हतं ते तिथं एका तासात होत होतं. तो शेजारी बसून प्रत्येक गोष्टीला "लई भारी" म्हणत होता. त्याच्या प्रत्येक "लई भारी"ला माझा जीव जळत होता.

शेवटी पडद्याची सेटिंग उघडली. तो पडदा सेकंदाला एकशे चव्वेचाळीस चित्रं दाखवणारा होता, खोक्यावर तसं मोठ्या अक्षरात छापलेलं. पण असा पडदा नवा जोडला की पुष्कळदा कॉम्प्युटर त्याला जुनाच समजतो आणि साठवर चालवतो. तो आकडा आपल्याला हातानं बदलावा लागतो. अनेकांना हे ठाऊकच नसतं. भारीतला पडदा घेतात आणि वर्ष वर्ष साठवर खेळतात. इथंही साठच होतं. आकड्यावर क्लिक करायचं, खाली एकशे चव्वेचाळीस दिसतं, ते निवडायचं. माऊस माझ्या हातात होता.

मी ती खिडकी बंद केली.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं," मी म्हणालो.

घरी येताना रिक्षात मी स्वतःला समजावलं की यात खोटं काहीच नाही. मी काही बिघडवलं नव्हतं, होतं तसं ठेवलं होतं. माझ्याकडे साठ, त्याच्याकडेही साठ. उलट हाच खरा न्याय, असंही वाटलं. हेवा करणाऱ्या माणसाला न्याय फार पटकन सुचतो.

पुढचे दोन महिने मी त्याच्यावर नजर ठेवून होतो. तो सुधारत गेला. रोज कॉलेजमधून आला की खेळायचा आणि फोनवर मला विचारायचा, इथं कसं वळू, तिथं आधी कुठं बघू. मी सांगायचो. मी सांगितलेलं तो आठवडाभरात माझ्यापेक्षा चांगलं करायला लागायचा. पण मनात मी एक आकडा धरून बसलो होतो. हा साठवर खेळतोय आणि याला माहीत नाही, हे मला सकाळी दात घासतानाही आठवायचं आणि बरं वाटायचं.

अशात आमच्या टीममधला एक जण नोकरीसाठी पुण्याला गेला. इथल्या एका कॉलेजात शहरातल्या टीमची स्पर्धा होणार होती आणि पाचवी जागा रिकामी झाली. मी त्या टीमबरोबर सराव करायचो, कोणी आलं नाही की खेळायचो, पण पाचात माझं नाव कधी नव्हतं. शाळेत असताना कबड्डीच्या संघात नाही, क्रिकेटच्या नाही, गणपतीच्या लेझीम पथकातसुद्धा नाही. ती पाचवी जागा मला हवी होती. वयाच्या चोविसाव्या वर्षी एखादी गोष्ट इतकी हवी असणं लाजिरवाणं आहे, पण हवी होती. आणि त्या जागेसाठी दोनच नावं होती. एक माझं, आणि एक माझ्या मामेभावाचं, ज्याला मीच टीमच्या सरावाला आणलं होतं.

आमच्या कप्तानाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. माणूस कमी बोलतो. तो म्हणाला, "ऐसा करो. तुम दोनों एकीच मशीन पे खेलो. मेरे सामने दस-दस डाव. फिर कोई बहाना नक्को." शेवटचं वाक्य बोलताना त्यानं माझ्याकडे बघितलं.

एकच मशीन म्हणजे अर्थात मामेभावाची.

रविवारी दुपारी आम्ही सगळे त्याच्या खोलीत जमलो. कप्तान समोरून खेळायला स्वतःचा लॅपटॉप घेऊन पलंगावर बसला, बाकीचे दोघे-तिघे खुर्चीमागे उभे राहिले. मोठा म्हणून मला पहिला मान मिळाला. मी बसलो आणि म्हणालो, "माऊसचं जरा माझ्यासारखं करून घेतो." माऊसचं मी काहीच केलं नाही. मी पडद्याची सेटिंग उघडली आणि साठचे एकशे चव्वेचाळीस केले. माझे दहा डाव झाले की मुकाट्यानं पुन्हा साठ करायचे, असा माझा बेत होता. हे लिहितानाही कान तापतात.

गेम सुरू झाला आणि मी जे पाहिलं ते मला कधीच दिसलं नव्हतं. मान वळवली की सगळी खोली न अडखळता वळत होती. समोरचा माणूस कोपऱ्यातून निघायच्या आधी त्याच्या बंदुकीचं टोक दिसत होतं. चार वर्षं ज्याची वाट बघितली ते हेच होतं, आणि माझा हात चुकत होता. माझ्या डब्यावर चित्र मागे राहायचं, म्हणून मी कायम अंदाजानं थोडं पुढे मारायला शिकलो होतो. इथं चित्र वेळेवर येत होतं आणि मी पुढच्या भिंतीला गोळ्या घालत होतो. पहिला डाव गेला, दुसरा गेला. हात आवरायला गेलो तर उशीर झाला. दहांपैकी तीन डाव मी घेतले. मागे उभा असलेला एक जण खोकला. मशीनला दोष द्यायची माझी जुनी सवय होती, पण त्या दिवशी तोंड उघडायला जागाच उरली नव्हती.

मी घाईघाईनं सेटिंग उघडली. साठवर नेऊन ठेवायचं होतं. पण तो माझ्या खांद्यावर हात ठेवून वाकला.

"काय करलालास अण्णा? माऊसचं परत बदलू नको. हाय तसंच असू दे. तुझी सेटिंग माझ्यापेक्षा चांगलीच असती की."

चार माणसांसमोर ती खिडकी तशीच बंद करून मी उठलो.

तो बसला. पहिले दोन डाव तोही हरला. मला आत कुठंतरी गार वाटलं. तिसऱ्याच्या आधी त्यानं हात वर केला. "थांबा थांबा." पडद्यासमोर त्यानं माऊस डावीकडे उजवीकडे फिरवला, पुन्हा फिरवला. मग खुर्चीतच वळून माझ्याकडे बघितलं. चेहरा उजळला होता. "ह्ये काय केलास तू?"

तो पुन्हा पडद्याकडे वळला. त्यानं पुढच्या आठपैकी सात डाव घेतले.

कप्तानानं लॅपटॉप मिटला आणि त्याच्याकडे बोट केलं. एवढंच. मामींनी सगळ्यांसाठी चुरमुऱ्यांचा सुसला केला होता, त्या ताटल्या घेऊन आल्या. मी ताटलीतले शेंगदाणे वेचत बसलो. मामेभाऊ मात्र स्पर्धेसाठी निवड झाल्याचं विसरून प्रत्येकाला पडदा दाखवत सुटला होता. "बघा, अण्णानं आत्ता बसल्या बसल्या केलं. दोन महिने मी ह्याच पडद्यावर खेळतोय, मला कळलं बी न्हाय. तुमच्या सगळ्यांच्या मशीनी ह्याच्याकडून करून घ्या." आणि तिघांनी खरंच मला पुढच्या रविवारी यायला सांगितलं.

सगळे गेल्यावर मी चपला घालत होतो तेव्हा तो दारात आला. आवाजात कसलाही संशय नव्हता, नुसती उत्सुकता होती.

"अण्णा, पहिल्या दिवशी न्हाय का दिसलं तुला ते?"

"नजरचुकीनं राहिलं," मी म्हणालो.

"व्हय, एवढं सगळं केलास त्या दिवशी, एखादं ऱ्हायचंच की," तो म्हणाला आणि मला खालपर्यंत सोडायला आला. त्यानं माझ्यावर तिथल्या तिथं विश्वास ठेवला होता. कॉम्प्युटर त्याचा, हात त्याचा, पाचवी जागाही आता त्याची. आणि एवढ्या सहज एखाद्यावर विश्वास टाकता येतो, याचाही मला त्या जिन्यात त्याच्याशेजारून उतरताना हेवा वाटला.