हे पान कोरे आहे

काय सांगू, काल झेरॉक्सच्या दुकानात असा तमाशा पाहिला की शिसारी आली! नवऱ्याच्या आजारपणासाठी बदली मागणाऱ्या एका शिक्षिकेची फाईल मोठी म्हणून ईमेलने जाईना. दुकानदार ती लहान लहान करत गेला. डॉक्टरांच्या अहवालातली अक्षरं आधी मुंग्यांएवढी झाली, मग नुसती धूळ.

"अहो दादा, फाईलमधली ती कोरी पानं काढा की!" बाई म्हणाल्या.

"मॅडम, त्यांवर नियमाप्रमाणे 'हे पान कोरे आहे' लिहून तुमची सही घेतलीय. काढली तर अर्ज बाद."

वा रे कारभार! माणसाचं दुखणं कितीही दाबा, चालतं. कोरेपणाला मात्र धक्का लागता कामा नये.

शेवटी फाईल गेली. बाईंनी पडद्यावर वाकून अहवालात नवऱ्याचं नाव शोधलं. त्यांनाही ते वाचता येईना.