तिठ्यावरचा उतारा

मी पोटापाण्यासाठी दहशत शिकवते. हसू नका, खरंच. ओहायोतल्या एका कॉलेजात ‘दहशत या कल्पनेचा इतिहास’ असा माझा कोर्स आहे. सव्वादोनशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये राज्य करणाऱ्यांनीच हा शब्द छाती पुढे काढून मिरवला, मग तो हळूहळू राज्याच्या शत्रूंना कसा चिकटला, हे मी पोरांना सांगते. सगळ्यांना मारावं लागत नाही, एकाला चौकात मारलं की बाकीचे आपणहून वाकतात, हेही सांगते. पोरं लिहून घेतात. आपल्याला हे सगळं कळलंय असं मला वाटायचं. कळलंय, कप्पाळ!

तीन वर्षांपूर्वी आई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे, ओहायोतल्याच डब्लिन गावाला, आली होती. आमचं ग्रीनकार्ड तेव्हा अडकलेलं. पोलिसांनी कधी पकडलं होतं का, असा एक प्रश्न फॉर्मवर असतो. त्या एका ओळीपायी आम्ही नवराबायको रिकाम्या रस्त्यावरसुद्धा सिग्नल सुटेपर्यंत खांबासारखे उभे राहायचो.

त्यातच माझ्या पाच वर्षांच्या मुलीचा ताप चार दिवस उतरेना. डॉक्टर म्हणाले, व्हायरल आहे, वाट बघा. आई म्हणाली, “दृष्ट लागली पोरीला. बर्थडेला किती नटवलं होतंस!”

“आई, प्लीज हं,” म्हणून मी ऑनलाइन मीटिंगला बसले.

तिन्हीसांजेला तिने कागदी प्लेटमध्ये दहीभात घेतला, वर मूठभर कुंकू, चिरलेलं लिंबू. नातीवरून उतरवून ती प्लेट आमच्या कॉलनीच्या तिठ्यावर ठेवून आली. उतारा ठेवल्यावर मागे वळून बघायचं नसतं, म्हणून तिने बघितलं नाही. शाळेची पिवळी बस तिथेच थांबते, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

सकाळी कॉलनीच्या ग्रुपवर फोटो! कुणाला ते रक्त वाटलं, कुणाला मुलांना दिलेली धमकी. एकीने तर मुलं घरीच ठेवली. शेजाऱ्यांच्या दारावरच्या कॅमेऱ्यात आई साडीसकट स्वच्छ दिसत होती. मी घराचे सगळे पडदे ओढून घेतले.

“काहून येवढी घाबरून राहिली?” आई कणीक मळता मळता म्हणाली. “जाऊन सांगू ना आपण. कर नाही त्याला डर कशाला?”

तेवढ्यात बेल वाजली. दारात पोलीस ऑफिसर. तरुण, हसतमुख, अगदी अदबीने बोलणारा. त्याने फोटो दाखवून एवढंच विचारलं, हे तुमच्या घरून ठेवलंय का? दोन वाक्यांचं काम होतं. पोर आजारी होती, आमच्याकडे अशी पद्धत आहे, सॉरी. पण माझी नजर त्याच्या कमरेच्या पट्ट्यातल्या बेड्यांवर गेली आणि मी इंग्रजीत म्हणाले, “माझ्या आईचं डोकं ठिकाणावर नाही हो. वय झालंय. काय करते ते तिचं तिलाच कळत नाही.”

आई माझ्या मागेच उभी होती, हाताला कणीक तशीच. बत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई. तिला शब्द न् शब्द कळला.

त्या माणसाने हात उगारला नव्हता, आवाजसुद्धा चढवला नव्हता. त्याने काही मागायच्या आधीच मी माझी आई देऊन टाकली. वर्गात मी जी शिकवते ती दहशत हीच, आणि ती मला त्या दिवशी, त्या दारात कळली. आजही आठवलं की माझीच मला किळस येते.

आता आई चिडणार, असं मला वाटलं. तिने माझ्याकडे एकदाच बघितलं. मग तिने खांदे पाडले, तोंड अर्धवट उघडं टाकलं आणि भिंतीकडे बघून ती हसायला लागली. ऑफिसर वाकून, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत, तान्ह्या बाळाशी बोलावं तसा तिच्याशी बोलला. ती नुसती मान डोलवत राहिली. तो हळहळला, आईला जपा म्हणाला आणि गेला.

मी दार लावलं. आईने बेसिनशी जाऊन हात धुतले.

“पटलं ना गं त्याला?” ती म्हणाली. “तुमच्या कार्डाला आता काही होणार नाही ना?”

“नाही होणार,” मी म्हटलं.

त्यानंतरचे चार महिने, शेजारचं कुणीही समोरून आलं की आई तोंड उघडं टाकून तशीच हसायची. आणि मी तिला एकदाही म्हटलं नाही की, आई, पुरे कर.