तारेवरची झावळी

गेल्या महिन्यात फोनवर थोरल्याने मला समजावलं की वीज सरकारच्या हातून काढून बाजारात आणली की सगळं सुरळीत होईल. धाकटीचं मत नेमकं उलटं. बाळांनो, तुम्ही दोघं भावंडं तिकडे बसून भांडता, म्हणून इकडच्या आपल्या माडाची हकिगत लिहिते.

कुंपणालगतच्या माडाची एक झावळी विजेच्या तारेवर लोंबत होती. वारा सुटला की ती तारेला टेकायची आणि आख्ख्या आळीची वीज जायची. शेजारीणबाईंच्या आखातातल्या मुलाने त्यांना मोठा फ्रीझर घेऊन दिलाय. त्यात सुरमई, पापलेट ठेवून त्या लॉजवाल्यांना देतात. आणखी एकदा मऊ मासळी आली तर दुसरीकडून घेईन, असं एका लॉजवाल्याने त्यांना बजावलं होतं.

माड माझा, म्हणून तक्रार मी केली. वीज कार्यालयातले साहेब म्हणाले, तार सरकारी, पण छाटणी आता खाजगी कंत्राटदाराकडे. कंत्राटदार म्हणाला, छाटतो की, पण लाइन सरकारने बंद करून द्यायला हवी. साहेबांनी लाइन बंद केली त्या दिवशी कंत्राटदाराची माणसं उरणला गेलेली. माणसं आली त्या दिवशी लाइन बंद करायला मंजुरी नाही. आपला नारळ पाडणारा चालू तारेजवळ चढेना, आणि त्याचं बरोबरच होतं.

शेवटी, लग्नाच्या बोलणीला बोलावतात तसं, दोन्ही पक्षांना एकाच सकाळी पोह्यांना बोलावलं. एकाला दुसऱ्याचं न कळवता. दोघे ओटीवर समोरासमोर बसले. पोहे झाले, चहा झाला. मंजुरी मात्र नव्हतीच. माझा संताप चहाबरोबर गिळत होते, तेवढ्यात वारा आला आणि डोक्यावरचा पंखा थांबला.

शेजारीणबाई कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. "भाभी, पाहुण्यांना अजून पोहे वाढा. तोवर माझी सुरमई आतल्या आत शिजेल."

साहेबांनी बशी खाली ठेवली. हा आता बिघाड झाला, म्हणाले, बिघाडाला आगाऊ मंजुरी लागत नाही. त्यांनी फोन करून लाइन बंद ठेवायला लावली. कंत्राटदाराबरोबर आलेल्या, फाटकाशी थांबलेल्या माणसाने शिडी लावली, कोयता चालवला, झावळी खाली. चहाचे कप विसळेपर्यंत वीज आली.

कापलेल्या झावळीशेजारचीही एक झावळी तारेकडे झुकलेली होती. मी बोट दाखवलं.

"आजी, तक्रार एकाच झावळीची आहे," कंत्राटदार म्हणाला.

"आणि ही अजून तारेला लागलेली नाही, मॅडम," साहेबांनी दुजोरा दिला.

महिनाभरात सरकार आणि बाजार यांचं एकमत झालं ते एवढंच. बाळांनो, वीज कोणी द्यावी यावर खुशाल भांडा. पण इथे तार एकच आहे आणि मालक दोन, त्यांना एका ओटीवर कोणी बसवायचं, हे तुमच्या पुस्तकांत असेल तर कळवा.

सुरमई घट्ट राहिली, लॉजवर वेळेत गेली. संध्याकाळी शेजारीणबाईंनी कुंपणावरून त्या दुसऱ्या झावळीकडे बराच वेळ पाहिलं.

"ही टेकायला आली की सांगा, भाभी," त्या म्हणाल्या. "या खेपेला पोहे माझ्याकडे."